कोरड्या हातांची फाइल

"हात बघू."

आमच्या ऑफिसात वॉशरूममधून बाहेर पडलं की हे दोन शब्द समोर उभे असायचे. शब्दांच्या मागे एक टेबल, टेबलामागे लाकडी खुर्ची आणि खुर्चीत ॲडमिनचे काका. ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर तुमच्या मनगटाच्या खाली असे. तुम्ही हात पुढे केलेत की म्हणत, "पाठ." मग तुम्ही हात उलटे करायचे. मग ते चष्मा कपाळावर चढवून जरा पुढे वाकत आणि निकाल देत, "बेचक्या राहिल्या."

दोन बोटांमधल्या जागेला बेचकी म्हणतात हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी, नौपाड्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कळलं. माझ्या शाळेत शरीराचे सगळे भाग इंग्रजीतून पाठ करून घेतले होते, पण ही जागा त्यांच्या यादीत नव्हती.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. किल्ल्या त्याच्याकडे, पाण्याचे जार त्याच्याकडे, बंद पडलेली ट्यूबलाइट त्याच्याकडे. सगळं सुरळीत चाललेलं असताना तो काय करतो हे कुणालाच सांगता येत नाही. काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. स्वतःचं नाव त्यांनी फक्त सही म्हणून वापरलं, आणि सही करण्याआधी ते कागद तीनदा वाचत.

आमचं ऑफिस, दुसरा आणि तिसरा मजला मिळून, मेडिक्लेमचे कागद तपासायचं. दिवसभर आम्ही अनोळखी माणसांचे आजार वाचायचो. डॉक्टरांनी निळ्या शाईत लिहिलेल्या कागदावर कुणी ओला अंगठा ठेवला की अपेंडिक्सचं काय झालं ते देवालाच ठाऊक. काकांचा कोरड्या हातांचा आग्रह बहुधा तिथूनच सुरू झाला असावा. पण पुढे तो कागदांपुरता राहिला नाही. जगातली निम्मी घाण ओल्या हातांनी पसरते असं त्यांचं मत होतं. उरलेली निम्मी कोण पसरवतं असं फिलोमिनानं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "ज्यांना हे पटत नाही ते."

फिलोमिना आमची रिसेप्शनिस्ट. ठाण्यातल्याच एका जुन्या गावठाणातली, पाच पिढ्यांपासूनची. घरी आईशी ती जी मराठी बोलायची ती मला अर्धीच कळायची, आणि ऑफिसात जे बोलायची ते सगळ्यांना नको इतकं कळायचं. मी मात्र ऑफिसात फारशी बोलत नसे. कोपरीहून चालत यायचं, स्टेशनचा पूल ओलांडायचा, जागेवर बसायचं, संध्याकाळी तोच पूल उलट ओलांडायचा. पहिल्या सहा महिन्यांत मी काकांशी एकूण जे बोलले ते बहुतेक हात पुढे करूनच.

मग ऑफिसात डोळे आले.

पहिल्यांदा एकाचे आले, आणि आठवड्याभरात निम्मा मजला काळे चष्मे लावून मेडिक्लेम तपासू लागला. बाहेरून येणाऱ्या माणसाला वाटलं असतं की इथे गुप्तहेर भरती करतात. कारण शोधायची गरज नव्हती. ते वॉशरूममध्ये खिळ्याला लटकलेलं होतं. एक हिरवा टर्किश टॉवेल. तो सकाळी नऊला कोरडा असे, अकराला दमट, आणि जेवणानंतर त्याला हात लावला की आपण त्याला पुसतोय की तो आपल्याला, हे कळत नसे. काका त्याच्याविरुद्ध तीन वर्षं अर्ज करत होते. अर्जांच्या नकला त्यांच्याकडे होत्या.

एचआरचे हेड नवीन होते. वयानं पस्तिशीचे, कायम उभ्यानं मीटिंग घेणारे. आम्ही त्यांना सर म्हणायचो, त्यांनी पहिल्या नावानं हाक मारा असं तीनदा सांगूनसुद्धा. त्यांचेही डोळे आले तेव्हा टॉवेलचा प्रश्न चोवीस तासांत ऐरणीवर आला आणि त्यासाठी एक कमिटी निघाली. तिचं नाव इतकं लांब होतं की कमिटीची पहिली मीटिंग ते छोटं करण्यात गेली.

दुसऱ्या मीटिंगला प्रश्न मांडला गेला. हात धुतल्यावर ते पुसायचे कशाला? टॉवेल ठेवायचा पण दर दोन तासांनी बदलायचा, कागदी नॅपकिन ठेवायचे, की गरम हवेचं मशीन बसवायचं? सरांना मशीन हवं होतं. हेड ऑफिसला तेच होतं. सरांच्या लॅपटॉपमध्ये त्याचा फोटोही होता, मशीनशेजारी कुणी तरी हसत उभं होतं. काकांना कागद हवा होता. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, "प्रयोग करू."

सर खूश झाले. "एक्झॅक्टली काका. डेटा पाहिजे. डेटा असला की मला वर दाखवता येतं." मग लॅपटॉप मिटता मिटता ते म्हणाले, "आणि हा रिपोर्ट नीट झाला ना, तर तुमच्या एक्स्टेंशनचं मी बघतो."

हे सगळ्यांसमोर म्हटलं गेलं, म्हणून मला माहीत. काका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यानंतर दर वर्षी त्यांना एकेक वर्षाची मुदतवाढ मिळत होती. या वर्षीची पुढच्या महिन्याअखेर संपत होती. वाढ हवी कशासाठी, असं मी त्यांना कधी विचारलं नसतं. त्यांनीच एकदा सांगितलं. "घरी बसलो की मी तिच्या स्वयंपाकघरात लक्ष घालतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तांदूळ, गहू, साखर. वर तारीख. ती चार दिवस बोलली नाही." मग म्हणाले, "डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगला गच्ची आहे. तिथे चौघं जण बसतात, सकाळपासून. मी त्यांना बघितलंय. ते कशाचीच वाट बघत नाहीत."

प्रयोगासाठी त्यांनी मदतनीस म्हणून मला मागून घेतलं. "ही बोलत नाही, म्हणजे बघत असणार," असं त्यांनी कारण दिलं. शिवाय रिपोर्ट इंग्रजीत लागणार होता. "तू कॉन्व्हेंटची. माझं इंग्रजी सरकारी अर्जांचं आहे. त्यात नम्र विनंती सोडून काही येत नाही."

पद्धत त्यांची स्वतःची होती. लहानपणी वह्यांना घालायचे तो खाकी कागद तुम्हाला आठवत असेल. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला की काळसर डाग उमटतो. काकांनी दोन मोठे रोल आणले आणि स्टीलच्या पट्टीनं, धारेला धार लावून, वहीच्या पानाएवढे तुकडे कापले. माणूस हात पुसून बाहेर आला की त्यानं टेबलावरच्या कागदावर पंजा दाबायचा. जिथे ओल राहिली असेल तिथे डाग. डाग पाच मिनिटांत वाळून नाहीसा होतो, म्हणून काका लगेच पेन्सिलनं त्याच्याभोवती रेघ मारणार आणि वर नाव, वेळ, पद्धत लिहिणार. पहिला आठवडा टॉवेल, दुसरा कागद, तिसरा मशीन. बायकांच्या दाराशी मी बसणार, पुरुषांच्या दाराशी ते. काका बायकांच्या वॉशरूमचीही व्यवस्था अकरा वर्षं बघत होते, पण दाराच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आतलं सगळं ते बाहेर उभं राहून, सफाईच्या ताईंना विचारून, मनात बांधत. "डावीकडून दुसरा नळ गळतोय ना?" आणि तो गळत असायचा.

मशीनं सप्लायरनं आठवड्यासाठी नमुना म्हणून दिली, दोन्हीकडे एकेक. ती बसवायला आलेला माणूस टाय लावून आला होता. त्यानं मशीनखाली हात धरून आम्हाला पूर्ण वेळ उभं राहून दाखवलं. तेवढ्या वेळात फिलोमिनानं दोन फोन घेतले. मग त्यानं हात वर केले, कोरडे, जादूगारासारखे. त्यानंतर आठवडाभर मशीनवर काय काय सुकलं ते मी पाहिलं. ओढणीची टोकं, मोबाइलचं कव्हर, पावसात भिजलेला एक क्लेम फॉर्म, कुणाच्या तरी मुलीचे मोजे. एकीनं जेवणाआधी थेपले धरले. हात मात्र तीन श्वासांपेक्षा जास्त कुणी धरले नाहीत. मशीनचा आवाज असा होता की माणसाला आपण काही तरी चुकीचं केलंय असं वाटून तो निघून जाई.

तरीही डाग पडत नव्हते.

टॉवेलच्या आठवड्यात नाही, कागदाच्या नाही, मशीनच्याही नाही. पंजामागून पंजा, स्वच्छ खाकी. काका आधी चकित झाले, मग आनंदले. संध्याकाळी फाइलमध्ये कागद लावताना म्हणत, "माणसं शिकली गं. अकरा वर्षं ओरडलो त्याचं चीज झालं." त्या दिवसांत त्यांनी एकदाही कुणाला बेचक्यांवरून टोकलं नाही.

मला कारण माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दाराच्या आत, आरशासमोर, प्रत्येक जणी बाहेर येण्याआधी हात कपड्यांना पुसत होती. जीन्सच्या मागे, ओढणीला, पदराला. पुन्हा पुन्हा, घासून, वाळेपर्यंत. पुरुषांकडेही तेच होतं. बाहेर येणाऱ्यांच्या पँटवर दोन्ही बाजूंना ओले पंजे स्पष्ट दिसत. काका कागदाकडे बघत असायचे, पँटकडे नाही.

मी फिलोमिनाला दबक्या आवाजात म्हटलं, "तुम्ही असं का करता?"

"मग काय, ओला हात ठेवू? बिचाऱ्यानं एवढा पट्टीनं कापलाय कागद."

"पण तेच तर बघायचंय."

"अगं बाई, डाग पडले तर सर म्हणणार काकांचा प्रयोग फेल. एक्स्टेंशन त्याच्यावर आहे ना? सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. हात सुके करूनच बाहेर यायचं."

"सगळ्यांना?"

"खालच्या मजल्यावरून येतात त्यांना पण. तुला काय वाटलं, एवढी माणसं स्वतःहून शिकली?"

तुम्ही म्हणाल, मग तू काकांना का सांगितलं नाहीस. मी पण हात ओढणीलाच पुसत होते. कागदाला ओला हात लावायचा नाही हे माझ्या आजीनं शिकवलं होतं, आणि काकांना वाईट वाटेल असं काही करायचं नाही हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यात मी बोलले तर पन्नास माणसांचं कारस्थान एकटीनं फोडलं असं झालं असतं. न बोलण्याला नेहमीच चांगली कारणं मिळतात. माझ्याकडे तर त्यांचा साठा होता.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रिपोर्ट लिहायला बसलो. मी टाइप करत होते, ते मराठीतून सांगत होते. उद्देश झाला, पद्धत झाली. मग ते म्हणाले, "लिही. तिन्ही पद्धतींनी हात सारखेच कोरडे होतात. कर्मचाऱ्यांच्या सवयी उत्तम आहेत."

मी पहिलं वाक्य टाइप केलं आणि खोडलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा खोडलं. काकांना वाटलं मला शब्द सापडत नाही. ते म्हणाले, "सोपं लिही गं. सरांना लांब वाक्यं चालत नाहीत."

मी म्हटलं, "काका, मी पण पुसले."

"काय?"

"हात. ओढणीला. बाहेर यायच्या आधी."

"किती वेळा?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांनी कुणाच्या तोंडाकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. मग विचारलं, "आणि बाकीचे?"

मी टेबलावरच्या फाइलकडे बघितलं. ते त्यांना पुरलं. त्यांनी फाइल ओढली आणि पहिल्या पानापासून एकेक पंजा उलटायला लागले. मला वाटलं ते रागावतील. ते वाचत होते, नाव, वेळ, नाव, वेळ. एका कागदावर थांबून म्हणाले, "हा तर माझ्याशी बोलत नाही. पार्किंगवरून भांडण झालं होतं आमचं." आणि मग, कागदावर बोट ठेवून, "यानं पण पुसले?"

"हो काका."

त्यांनी फाइल मिटली. त्या दिवशी ते माझ्याशी अजून एकच वाक्य बोलले. "उद्या दहाला तू पण ये मीटिंगला."

मीटिंगमध्ये सर उभे होते, काका बसले होते. सरांनी फाइल चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. "काका, सुपर. सगळं क्लीन. म्हणजे तिन्ही सेम आहेत, तर मग मशीन घ्यायला काहीच प्रॉब्लेम नाही. सही करा, मी आजच वर पाठवतो."

"सही नाही करता येणार," काका म्हणाले. "प्रयोग बाद धरा. चूक माझी आहे. मी दाराबाहेर बसलो. माणसं दाराच्या आत हात कपड्यांना पुसत होती."

"कोण पुसत होतं?"

मी टेबलाकडे बघितलं. फिलोमिना पाण्याच्या बाटल्या ठेवायला आत आली होती, ती तिथेच थांबली.

"ते महत्त्वाचं नाही," काका म्हणाले. "मी बघायला हवं होतं. पुन्हा करतो. या वेळी आत उभं राहून."

सर खाली बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते हे मला सांगायलाच हवं. त्यांचा आवाजही मऊ झाला. "काका, कशाला? रिझल्ट तर हातात आहे. तुम्ही सही केली की तुमची फाइल पण मी सोबतच पाठवतो. महिन्याचे आठच वर्किंग डे राहिलेत तुमचे."

"आठ पुरतील," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर फिलोमिना त्यांच्या मागोमाग पॅसेजपर्यंत गेली. "काका, एक सही तर होती. आम्ही तुमच्यासाठीच केलं ना सगळं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग आता माझ्यासाठीच पुसू नका." आणि ते नवा रोल कापायला बसले.

ते आठ दिवस मला माझ्या आयुष्यातले सगळ्यांत बोलके दिवस म्हणून आठवतात. काका पुरुषांच्या वॉशरूममध्ये बेसिनशेजारी स्टूल टाकून बसले. बायकांकडे मी. या वेळी एकेका पद्धतीला दोनच दिवस; नमुन्याची मशीनं अजून परत गेली नव्हती. कागद बेसिनपासून दोन हातांवर धरायचा आणि कुणाचा हात कपड्यांकडे गेला की अडवायचा. पहिल्या दिवशी मी अडवलंच नाही, नुसतं खोकले. काकांनी संध्याकाळी कागद पाहिले आणि विचारलं, "तुझ्याकडे अजून सगळे कोरडे कसे?" दुसऱ्या दिवशी मी एका सीनियर मॅडमचं मनगट धरलं. मला स्वतःलाच कळलं नाही कधी धरलं. मी म्हटलं, "मॅडम, पुसू नका, प्लीज." फिलोमिना आरशात लिपस्टिक लावत होती. ती आरशातच म्हणाली, "आईशप्पथ, हिला तोंड आहे."

या वेळी डाग पडले. मोठे, लहान, तळव्यावर, बोटांच्या मुळाशी. टॉवेल दहाव्या माणसानंतर हात पुसत नव्हता, मागच्या नऊ जणांचं पाणी वाटत होता. मशीनखाली पूर्ण वेळ उभं राहिलं तर हात छान वाळत, आणि पूर्ण वेळ उभं कुणीच राहत नव्हतं. कागद सगळ्यांत चांगला निघाला. पण माणशी पाच पाच ओढले जात, आणि टोपली दुपारी दोनला तोंडापर्यंत भरे. काकांनी तेही लिहायला लावलं. मी म्हटलं, "काका, तुम्हाला तर कागदच हवा होता. टोपलीचं कशाला?" ते म्हणाले, "हवा होता म्हणूनच लिही."

रिपोर्ट सातव्या दिवशी पूर्ण झाला. शेवटी शिफारस होती. कागद ठेवा, माणशी दोन, टोपली दिवसातून दोनदा रिकामी करा. मशीन बसवायचंच असेल तर दारापासून लांब, कोपराच्या उंचीवर बसवा, आणि सोबत कागद राहू द्या. काकांनी तो तीनदा वाचला आणि सही केली. मी तो सरांना मेल केला. उत्तरात अंगठ्याचं चित्र आलं.

आठव्या दिवशी सकाळी पॅसेजमध्ये चार खोकी आली. त्यांवरच्या चिठ्ठीवर ऑर्डरची तारीख होती, ती आमच्या दुसऱ्या प्रयोगाच्या तिसऱ्या दिवसाची. काकांनी चिठ्ठी वाचली. खोकी भिंतीला नीट सरळ लावली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागणार नाही, आणि जागेवर जाऊन किल्ल्यांची यादी करायला बसले. मुदतवाढीचं कुणी काही बोललं नाही. पाच वाजता कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांनी जमावं, असा मेल मात्र आला. विषय होता निरोप समारंभ.

चार वाजता दोन इलेक्ट्रिशियन आले. दोन मशीनं तिसऱ्या मजल्यावर, एक पुरुषांकडे, एक बायकांकडे. उरलेली दोन दुसऱ्या मजल्यावर. पुरुषांकडे काकांनी स्वतःच्या कोपरावरून माप घेतलं आणि भिंतीवर पेन्सिलनं आडवी रेघ मारली. मग ते बायकांच्या दाराशी आले. मला म्हणाले, "आत कुणी आहे का बघ."

कुणी नव्हतं. तरी त्यांनी तीनदा टकटक केली. मग दाराशी चपला काढल्या, एखाद्याच्या घरात जाताना काढतात तशा, आणि आत आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी चारही बाजूंना एकदा पाहिलं. डावीकडच्या दुसऱ्या नळाला हात लावला. म्हणाले, "आरसा मी समजत होतो त्यापेक्षा मोठा आहे."

मग मला भिंतीशी उभं केलं. "तू इथली साधारण उंची. हात धुतल्यावर धरतेस तसे पुढे धर. खांदे वर घेऊ नकोस. सैल." माझ्या कोपराच्या रेषेत त्यांनी पट्टी लावली, बुडबुड्याची लेव्हल इलेक्ट्रिशियनकडून मागून घेतली, आणि रेघ मारली. खाली बारीक अक्षरात इंच लिहिले, तारीख टाकली.

इलेक्ट्रिशियन हसला. "काका, हे सगळं मशीनच्या मागे झाकलं जाणार."

"झाकलं जाऊ दे. हात वर धरले की पाणी कुठे जातं?"

"कुठे?"

"बाहीत."

इलेक्ट्रिशियननं ड्रिल लावलं. काका चपला घालून जिन्याकडे निघाले, पट्टी आणि पेन्सिल हातात, दुसऱ्या मजल्याचं माप घ्यायला. तेवढ्यात सर स्वतः आले. "काका, चला, सगळे थांबलेत, केक आलाय." काका म्हणाले, पाच मिनिटं. सर म्हणाले, "आज तुम्ही काही काम नाही करायचं," आणि प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना वळवलं. त्यांच्या हातातली पट्टी कुणी तरी काढून घेतली आणि तिथे नारळ दिला. अंगावर शाल आली. पार्किंगवरून भांडलेल्या माणसानं भाषण केलं आणि मध्येच त्याला पुढचं सुचेना. फिलोमिना रडली आणि रडताना फोटो काढू नका असं सगळ्यांना दटावलं. काकांना बोला म्हटलं तर ते शाल सावरत उभे राहिले, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "खालचं राहिलं."

लोकांना वाटलं ते भावनेच्या भरात काही बोलतायत. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या मजल्याची मशीनं सोमवारी बसली. जिथे वायर जवळ होती तिथे, दाराला लागून, डोक्याच्या थोडी खाली. आजही तिथे गेलात तर दिसेल. माणसं हात वर करून उभी असतात, शरण आल्यासारखी, आणि पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत जातं. जेवणानंतर खालच्या सगळ्यांच्या बाह्या ओल्या असतात. हेड ऑफिसहून मशीनं बघायला पाहुणे आले होते, त्यांच्याही झाल्या.

आमच्या मजल्यावर होत नाहीत. तेच मशीन, तोच सप्लायर. खालचे लोक म्हणतात, तुमच्याकडचे पीस चांगले आले.